सुळ्यांचे व्रण, लांडग्याचे केस: वाचकांचे प्रश्न

लास वेगासमधल्या गुन्हे-तपासणी पथकावरची 'सीएसआय' ही अमेरिकन मालिका २००० ते २०१५ अशी पंधरा वर्षं चालली. तिच्या अकराव्या सीझनमधला २०१० चा 'ब्लड मून' हा भाग पाहून बऱ्याच वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शहरात व्हॅम्पायर (दंतकथांतलं रक्त पिणारं पिशाच्च) आणि वेअरवुल्फ (पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस) म्हणवून घेणाऱ्यांचं संमेलन भरलेलं असतं, शिर धडावेगळं केलेला मृतदेह सापडतो आणि तपास या दोन गोटांमध्ये शिरतो. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: असे लोक खरंच आहेत का? की मालिकेने सगळं रचलं आहे? आणि व्हॅम्पायर विरुद्ध वेअरवुल्फ हे वैर खरं आहे का?

लोक आहेत, वैर नाही.

स्वतःला व्हॅम्पायर म्हणवणाऱ्यांत तीन वेगळे प्रकार आहेत आणि मालिका ते एकाच पिशवीत भरते. पहिला प्रकार हौशी मंडळींचा. काळे कपडे, मापाचे सुळे, रात्रीचे समारंभ. त्यांना वेश आणि सौंदर्यदृष्टी आवडते, रक्ताशी संबंध नसतो. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकात मापाचे सुळे करून देणाऱ्या कारागिरांभोवती हे वर्तुळ वाढलं. दुसरा प्रकार 'सॅंग्विनेरियन' लोकांचा. थोडं मानवी रक्त प्यायल्याशिवाय आपल्याला थकवा येतो, अशी त्यांची धारणा असते. रक्त देणारी व्यक्ती सज्ञान आणि राजी असावी, हा त्यांच्यातला पहिला नियम. तिसरा प्रकार रक्ताऐवजी दुसऱ्याची 'ऊर्जा' घेतो असं मानणाऱ्यांचा. काही गट उघडपणे संघटित आहेत. न्यू ऑर्लिन्समधली २००५ साली स्थापन झालेली संघटना सणासुदीला बेघरांना जेवण देण्यासाठी ओळखली जाते.

लांडग्यांच्या बाजूचा इतिहास निराळा आहे. १९९२ मध्ये यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-जाळ्यावर, वेअरवुल्फच्या भयकथांसाठी एक चर्चागट सुरू झाला. आपण आतून प्राणी आहोत असं मनापासून वाटणारे लोक तिथे एकमेकांना सापडले. आज ते स्वतःला 'थेरियन' म्हणवतात. आपलं शरीर माणसाचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि पौर्णिमेला अंगावर केस उगवतील अशी त्यांची अपेक्षा नसते. केसाळ पोशाख घालून संमेलनांना जाणारे 'फरी' हे आणखी तिसरेच. त्यांचा रस मानवी स्वभावाच्या कार्टूनी प्राण्यांत असतो. या तिघांची सरमिसळ झाली की संबंधित लोक दुखावतात, आणि त्यांचं दुखावणं योग्यच आहे.

दोन्ही गोटांमधली पिढीजात लढाई ही कथा-कादंबऱ्यांची आणि खेळांची देणगी आहे. १९९१ मध्ये व्हॅम्पायरांवर आणि १९९२ मध्ये वेअरवुल्फवर एकाच अमेरिकन कंपनीने भूमिका घेऊन खेळायचे खेळ काढले. दोन्ही एकाच काल्पनिक जगातले असल्याने शत्रुत्व त्यात आयतंच होतं. पुढे सिनेमांनी ते उचललं. प्रत्यक्षात थेरियन आणि व्हॅम्पायर यांची ओळखदेखील क्वचितच असते. तपासात 'हेतू' म्हणून हे वैर पुढे करणं हा त्या भागाचा सर्वांत कच्चा दुवा आहे.

प्रश्न: संमेलनात सगळीकडे नकली रक्त असणार. त्यातून खरं रक्त कसं ओळखतात? निळा दिवा मारला की चमकतं ते हेच का? (विज्ञान शाखेची विद्यार्थिनी)

निळ्या दिव्याखाली रक्त चमकत नाही. ते प्रकाश शोषून घेतं आणि आजूबाजूच्या कापडापेक्षा काळं दिसतं. दिव्याखाली चमकतात ते वीर्य, लाळ, काही डिटर्जंट. रक्ताचे डाग शोधायला फवारतात त्या ल्युमिनॉल या रसायनाची गोष्ट आणखी वेगळी. त्याला दिवा लागतच नाही. फवारल्यावर रासायनिक क्रियेतून स्वतःचा निळसर उजेड निघतो, तो पाहायला पूर्ण अंधार हवा आणि तो साधारण अर्ध्या मिनिटात मावळतो. ल्युमिनॉल फवारून वर निळा दिवा धरलेला दिसला, तर ते दृश्य फक्त सुंदर दिसावं म्हणून आहे.

डोळ्यांनी होणारी पहिली निवड सोपी असते. नकली रक्त बहुधा कॉर्न सिरप आणि खाण्याच्या रंगाचं. ते दिवसभर चिकट आणि लालभडक राहतं. खऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिन हवेने बदलून मेथहिमोग्लोबिन होतं, म्हणून डाग तासागणिक तपकिरी होतो आणि सुकल्यावर त्याच्या खपल्या निघतात.

त्यानंतर कॅसल-मेयर चाचणी, म्हणजे रक्ताची प्राथमिक रंग-चाचणी. डागावर गाळणकागदाचा तुकडा किंवा स्वॅब हलकेच घासायचा. त्यावर एक थेंब अल्कोहोल, मग फिनॉल्फ्थॅलिनच्या रंगहीन रूपाचा एक थेंब. इथे थांबून पाहायचं. आत्ताच गुलाबी झालं तर डागात रक्ताशिवाय दुसरंच एखादं ऑक्सिडायझर आहे, चाचणी बाद. रंग आला नाही तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. काही सेकंदांत गडद गुलाबी झालं तर रक्त असण्याची शक्यता आहे. अर्ध्या मिनिटानंतर आलेला रंग मोजत नाहीत, कारण हे मिश्रण हवेने आपोआपही गुलाबी होतं. क्रम चुकवून अभिकारक आणि पेरॉक्साइड एकदमच टाकले, तर खोटा होकार पकडायची संधी हातची जाते.

सिरपचं नकली रक्त या चाचणीला दाद देत नाही. पण गोंधळ घालणारे इतर पदार्थ आहेत: हॉर्सरॅडिशसारख्या वनस्पतींतली पेरॉक्सिडेज एन्झाइम्स, तांब्याचे क्षार, ब्लीच. म्हणून होकार आला तरी अहवालात 'रक्त असावं' एवढंच लिहितात.

ते रक्त माणसाचं की जनावराचं, हे त्यापुढचं पाऊल. १९०१ मध्ये जर्मनीत पॉल उलेनहूट यांनी प्रतिपिंडांवर आधारित चाचणी शोधली आणि त्याच वर्षी दोन मुलांच्या खुनाच्या तपासात ती कामी आली. आज तेच तत्त्व गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या छोट्या पट्टीत बसवलेलं आहे. या पट्टीची दोन दुखणी लक्षात ठेवा. फेरेट आणि माकडवर्गीय प्राण्यांच्या रक्तालाही ती होकार देऊ शकते. आणि नमुना फार घट्ट असेल तर प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो रक्तातला घटक, इतकं जास्त होतं की रेषा उमटतच नाही. असा खोटा नकार आला तर नमुना पातळ करून चाचणी पुन्हा लावतात. संमेलनात कुणी खाटकाकडून रक्त आणून शिंपडलं असेल, तर छडा लागतो तो इथे. शेवटी व्यक्तीची ओळख डीएनएवरून. नेहमीच्या प्रोफाइलला १ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी डीएनए पुरतो.

प्रश्न: मानेवर दोन टोकदार छिद्रं आणि संशयिताच्या तोंडात मापाचे सुळे. दोन्ही जुळवून गुन्हेगार सापडतो, असं मालिकांमध्ये नेहमी दाखवतात. हे शक्य आहे का?

या प्रश्नावर आम्हाला सविस्तर लिहायचं आहे, कारण मालिकांमुळे पसरलेल्या समजांपैकी याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे.

आधी साधा यांत्रिक मुद्दा. माणूस चावतो तेव्हा दोन्ही जबडे मिटतात. वरचा जबडा धरून ठेवतो, खालचा दाबतो, आणि उमटतात त्या समोरासमोरच्या दोन कमानी, ज्यांत पुढचे दात ठळक असतात. प्रौढ माणसाच्या वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर साधारण २.५ ते ४ सेंटिमीटर असतं. वरच्या सुळ्यांवर ॲक्रिलिकच्या टोप्या चढवल्या तरी खालचे दात कुठे जात नाहीत. फक्त दोन सुबक छिद्रं, आजूबाजूला ना खरचटलेलं ना कमान, असं दिसलं तर शंका यायला हवी ती एखाद्या टोकदार वस्तूची. शिवाय जोर लावल्यावर मापाचा सुळा मानेत घुसण्याऐवजी निसटण्याची शक्यताच जास्त, कारण तो दातावर नुसता घट्ट बसवलेला असतो.

आता जुळवणीचा मुद्दा. त्वचा ताणते, सुजते, गोळा होते, आणि मृत्यूनंतर आकसते. तोच जबडा त्याच शरीरावर दोनदा चावला तरी दोन ठसे सारखे येत नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने २००९ मध्ये चाव्याचे ठसे जुळवण्याच्या या शाखेवर कठोर टीका केली. २०१६ मध्ये टेक्सासच्या फॉरेन्सिक सायन्स कमिशनने न्यायालयात असा पुरावा वापरणं थांबवावं अशी शिफारस केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, आपल्या आढाव्यात (मसुदा २०२२, अंतिम २०२३) म्हटलं की या पद्धतीच्या तिन्ही गृहीतकांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही: पुढच्या दातांची ठेवण प्रत्येकाची निराळी असते, ती त्वचेवर नेमकी उमटते, आणि उमटलेलं नेमकेपणाने वाचता येतं.

ॲरिझोनातल्या रे क्रोन यांना १९९२ मध्ये फिनिक्समधल्या एका खुनासाठी मृत्युदंड झाला. मुख्य आधार होता दातांचा ठसा. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, मृत स्त्रीच्या कपड्यावरच्या लाळेतला डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला आणि क्रोन सुटले. दातांची जुळवणी चुकली, लाळेने खरं सांगितलं.

म्हणून आज चाव्याच्या जागी करायचं खरं काम लाळ टिपण्याचं. क्रम असा: धुणं, पुसणं, ठसा घेणं यांच्या आधी फोटो. कॅमेरा त्वचेला अगदी काटकोनात, शेजारी 'एल' आकाराची मोजपट्टी. मग दोन स्वॅब. पहिला निर्जंतुक पाण्यात भिजवून गोल फिरवत, हलक्या दाबाने. लगेच दुसरा कोरडा, त्याच जागेवर. ओल्याने सुकलेली लाळ सुटते, कोरडा ती शोषून घेतो. एकच स्वॅब घेतला तर बराच डीएनए त्वचेवरच राहतो. दोन्ही हवेत वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडतो आणि जीवाणू डीएनए खाऊन टाकतात. व्यक्ती जिवंत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढतात, कारण काळंनिळं उमटायला वेळ लागतो.

आणि एक, सॅंग्विनेरियन लोक सहसा चावत नाहीतच. तोंडातले जीवाणू जखमेत जाऊ नयेत म्हणून ते मधुमेहींच्या तपासणीत वापरतात तसं एकदाच वापरायचं निर्जंतुक लॅन्सेट वापरतात. एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या करून घेण्याचा आग्रह त्यांच्यातले जुने लोक धरतात. तरीही धोका संपत नाही. संसर्ग झाल्यानंतरचे काही दिवस ते आठवडे तपासणीत काहीच दिसत नाही.

प्रश्न: 'शरीरात रक्ताचा थेंब उरला नाही' असा संवाद कानावर येतो. असं होऊ शकतं का?

थेंबही न उरणं जवळपास अशक्य. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असतं. त्यातलं ४० टक्के, म्हणजे २ लिटरच्या आसपास, झपाट्याने गेलं तर जीव धोक्यात येतो. त्याहून जास्त गेलं की हृदयाला ढकलायला पुरेसं रक्त मिळत नाही आणि ते थांबतं. पंपच थांबल्यावर उरलेलं रक्त केशवाहिन्यांत आणि अवयवांत अडकून राहतं. गळा कापलेल्या मृतदेहातही शवविच्छेदनाच्या वेळी रक्त सापडतंच.

डॉक्टर पाहतात ते मृत्यूनंतरचे डाग. रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला उतरून त्वचेवर जांभळट रंग येतो. तो पहिल्या एक-दोन तासांत दिसू लागतो आणि आठ-बारा तासांत पक्का होतो. खूप रक्त गेलेलं असेल तर हे डाग फिके, तुटक असतात. डाग फिके आहेत पण जागेवर रक्त नाही, तर मृतदेह दुसरीकडून आणलेला असण्याची शक्यता तपासतात.

आणि ते सगळं रक्त पिऊन टाकणारा कुणी? रक्त पोटात गेलं की मळमळतं आणि जास्त झालं तर उलटी होते. नाकातून रक्त गिळलं गेलेल्यांना हे माहीत असतं. १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असतं, त्यामुळे नियमित आणि जास्त प्रमाणात घेणं यकृताला घातक. सॅंग्विनेरियन लोक जे सांगतात ते प्रमाण थेंबांपासून काही चमच्यांपर्यंतच असतं.

प्रश्न: घटनास्थळी 'लांडग्याचा केस' सापडतो. सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत हे कळतं का?

माणसाचा नाही, हे एका नजरेत कळतं. लांडग्याचा आहे, हे नाही. आणि वेअरवुल्फच्या संमेलनातला केस बहुधा तिसऱ्याच कशाचा तरी निघेल.

तपासणारा केसाच्या तीन गोष्टी पाहतो. मधली नळी, म्हणजे मेड्युला. तिची रुंदी भागिले केसाची रुंदी हा पहिला आकडा. माणसात तो एक-तृतीयांशापेक्षा कमी असतो आणि नळी तुटक किंवा बिलकूल नसते. बहुतेक जनावरांत अर्ध्याहून जास्त आणि सलग. दुसरे, बाहेरचे खवले. माणसाचे चपटे आणि एकमेकांवर अनियमित चढलेले, मांजराचे पाकळ्यांसारखे उभे, उंदीर-वटवाघळांचे मुकुटांच्या चळतीसारखे. खवले थेट नीट दिसत नाहीत. काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन त्यावर केस टेकवायचा, सुकत आल्यावर उचलायचा आणि उरलेला ठसा पाहायचा. थर जाड झाला तर केस बुडतो आणि ठसा पुसट येतो. तिसरी गोष्ट मूळ. कुत्र्याचं फावड्यासारखं, माणसाचं गदेसारखं फुगीर. रंगाचे पट्टेही मदत करतात. एकाच केसावर आडवे रंगीत पट्टे असतील तर तो माणसाचा नाही.

कुत्रा आणि लांडगा वेगळे काढणं मात्र सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर. दोघे इतके जवळचे नातेवाईक आहेत की मायटोकॉन्ड्रियल (पेशीकेंद्राबाहेरच्या, आईकडून येणाऱ्या) डीएनएवरूनही कधीकधी नि:संदिग्ध उत्तर मिळत नाही.

आता पोशाखांकडे वळू. स्वस्त फर म्हणजे मोडॲक्रिलिक किंवा ॲक्रिलिक. त्याला खवले नसतात, मेड्युला नसते. लांबीच्या दिशेने बारीक रेघा दिसतात आणि चमक कमी करण्यासाठी घातलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे काळे ठिपके. इन्फ्रारेड वर्णपटात दर सेंटिमीटरला २२४० लहरींच्या आसपासची नायट्राइलची (ॲक्रिलिकमधल्या रासायनिक गटाची) खूण पाहिली की शंका उरत नाही. महागड्या मेकअपमध्ये चेहऱ्यावर याकचे केस किंवा मेंढीची लोकर एकेक बट करून चिकटवतात. असा केस जनावराचाच असतो, पण त्याच्या टोकाशी स्पिरिट गमचा (मेकअपच्या गोंदाचा) राळेसारखा थेंब चिकटलेला सापडतो. आमच्या मते प्रत्यक्ष तपासात सर्वांत बोलका पुरावा हाच. विगमधल्या मानवी केसाला मूळ नसतं, दोन्ही टोकं कापलेली असतात, आणि रासायनिक प्रक्रियेने खवले झिजवलेले असतात.

एक इशारा: माणसाचा केस ठरल्यावर तो 'अमुक एका माणसाचाच' असं सूक्ष्मदर्शकावरून सांगता येत नाही. २०१५ मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने जाहीर केलेल्या आढाव्यात आरोपीविरुद्ध साक्ष दिलेल्या २६८ खटल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक खटल्यांत तज्ज्ञांनी केसांबद्दल शास्त्रापलीकडची विधानं केली होती. मूळ असेल तर पेशीकेंद्रातला डीएनए काढता येतो. नुसता दांडा असेल तर बहुधा मायटोकॉन्ड्रियल, जो आईच्या वंशरेषेतल्या नातलगांत बहुधा सारखाच असतो.

प्रश्न: तलवारीच्या एका घावात शिर उडतं का? हाडावरून हत्यार कळतं का?

धारदार, वजनदार आणि नीट पाणी दिलेल्या पात्याने उडू शकतं, पण नेम आणि कोन दोन्ही साधावे लागतात. संमेलनातल्या दुकानांत मिळतात त्या शोभेच्या तलवारी यात टिकत नाहीत. त्यांचं स्टेनलेस पातं ठिसूळ असतं आणि मुठीत शिरणारा भाग सळईइतका बारीक. तो जोडावरच मोडतो.

मणक्यावर हत्यार आपली सही सोडतं. करवतीने आडव्या समांतर रेघा आणि शेवटी न कापलेल्या हाडाचा छोटा कंगोरा राहतो. कुऱ्हाड किंवा तलवारीने एका बाजूला गुळगुळीत पृष्ठभाग येतो आणि दुसऱ्या बाजूला हाड फाटतं. अर्धवट घाव मोजून किती प्रयत्न झाले ते सांगता येतं. पात्यावरच्या खाचांच्या रेघा हाडात उमटलेल्या असतील तर सिलिकॉनचा साचा घेऊन तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली जप्त हत्याराशी ताडून पाहतात. भिंतीवर धमनीच्या फवाऱ्याचे लयबद्ध डाग नसतील आणि कापलेल्या कडांत रक्त साकळलेलं नसेल, तर शिर मृत्यूनंतर कापलेलं असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न: महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी सुळे बनवायचे आहेत. बाजारातले तोंडात राहत नाहीत आणि संवाद अडखळतात.

पूर्ण ओठाखाली बसणाऱ्या प्लास्टिकच्या कवळीमुळे संवाद अडखळतात. एकेका दातावर चढणाऱ्या दोन पोकळ टोप्या घ्या आणि आत भरायला साधारण ६० अंशांना मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन.

दात घासून कापसाने पूर्ण कोरडे करा. ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात एका टोपीला चार-पाच दाणे टाका. ते पांढऱ्याचे पारदर्शक झाले की मऊ झाले. चिमट्याने काढून पाणी निथळू द्या, काही सेकंद हवेत धरा, बोटाला सोसवतंय याची खात्री करा आणि टोपीत भरा. आरशात पाहून सुळ्यावर सरळ दाबा, वरचा ओठ बाजूला धरून. पंधरा-वीस सेकंदांनी, प्लास्टिक अजून किंचित लवचिक असताना, एकदा खाली ओढून काढा आणि लगेच परत बसवा. हे पाऊल गाळू नका. दात हिरडीजवळ निमुळता असतो, आणि तिथे प्लास्टिक पूर्ण कडक होऊ दिलं तर टोपी निघताना दुखते किंवा निघतच नाही. दुधाळ रंग परत आला की बाहेर काढून थंड पाण्यात धरा आणि हिरडीवर आलेली कड कापून टाका. ढिली बसली तर पुन्हा गरम करून तेच. फार लांब करू नका. नैसर्गिक सुळ्याखाली तीन-चार मिलिमीटर पुरतात, त्याहून लांब झाले की खालच्या ओठाला लागतात आणि 'फ', 'व' बिघडतात.

तारा, कॅप किंवा हलणारा दात असेल तर हा प्रयोग नको. झटपट चिकटणारा गोंद किंवा नखांचा गोंद दातावर कधीही लावू नका, दाताचा थर सोलला जातो. सुळे लावून खाऊ नका, झोपू नका. लाल किंवा पिवळ्या कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांनी माप घेतल्याशिवाय वापरू नका. बुबुळावर बेमापी लेन्स घासली की जखम होते, त्यात संसर्ग झाला तर नजर जाऊ शकते. अमेरिकेत २००५ पासून शोभेच्या लेन्सही चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे.

प्रश्न: व्हॅम्पायर म्हणजे पोर्फिरियाचे रुग्ण होते, हे खरं का?

नाही. पोर्फिरिया म्हणजे रक्तातलं हीम नीट न बनण्याचा दुर्मीळ आजार. १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने असे रुग्ण आराम पडावा म्हणून रक्त पीत असावेत ही कल्पना मांडली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. प्यायलेल्या रक्ताने हा आजार बरा होत नाही. उन्हाने त्वचा भाजणारा तीव्र प्रकार इतका दुर्मीळ आहे की त्यातून गावोगावच्या दंतकथा निघणं शक्य नाही. मुळात जुन्या लोककथांतला व्हॅम्पायर उन्हाने मरतच नसे. ते १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून आलं. या बातम्यांमुळे खऱ्या रुग्णांना नाहक त्रास झाला, म्हणून मालिकेत कुणी हे वाक्य टाकलं की आम्हाला वाईट वाटतं. दंतकथांचं मूळ कुजण्याच्या प्रक्रियेत शोधावं. वायूने फुगलेलं पोट, तोंडातून येणारा लालसर द्रव, त्वचा मागे सरकल्याने लांब वाटणारी नखं. १७३२ मध्ये सर्बियात ऑस्ट्रियन लष्करी डॉक्टरांनी थडगी उघडून लिहिलेल्या अहवालात हेच वर्णन आहे.

प्रश्न: याच मालिकेत चेहराभर केस असलेला माणूस एका भागात दाखवला होता. तो आजार खरा आहे का? आपण लांडगा आहोत असं वाटणं हा वेडेपणा का?

सहाव्या सीझनमधला, २००६ चा तो भाग. आजाराचं नाव हायपरट्रायकोसिस. जन्मजात प्रकार अत्यंत दुर्मीळ. सोळाव्या शतकातल्या पेट्रुस गोन्साल्व्हुस यांची आणि त्यांच्या मुलांची चित्रं इन्सब्रुकजवळच्या अम्ब्रास किल्ल्यात आहेत. मिनॉक्सिडिल, सायक्लोस्पोरिन किंवा फेनिटॉइन या औषधांनीही अंगावर केस वाढतात, आणि ते औषध थांबवल्यावर बहुधा कमी होतात. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आपलं शरीर खरोखर बदलत आहे असा अढळ भ्रम असेल तर त्याला क्लिनिकल लायकॅन्थ्रॉपी म्हणतात. तो मनोविकारात, उदाहरणार्थ स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्यात, क्वचित दिसतो आणि त्यावर उपचार आहेत. थेरियन व्यक्तीला असा भ्रम नसतो. दोघांना एकाच शब्दाने हाक मारू नका.

प्रश्न: चांदीची गोळी बंदुकीतून सुटते का?

सुटते, पण नेम वाईट. चांदी शिशापेक्षा हलकी (घनता १०.५, शिशाची ११.३) आणि बरीच कडक असते, त्यामुळे नळीतल्या पेचांत ती नीट बसत नाही आणि पुरेशी फिरत नाही. वितळायला ९६२ अंश लागतात, शिशाला ३२८, आणि थंड होताना ती आकसल्यामुळे माप चुकतं. तपासनिसाला ती वरदानच ठरेल. जखमेच्या कडेला सापडलेला चांदीचा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतो.

प्रश्न: अशा गटांतल्या कुणी प्रत्यक्ष खून केल्याची नोंद आहे का?

आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या युस्टिस गावी एका दांपत्याचा त्यांच्या घरात खून झाला. करणारा रॉड फेरेल, वय १६, केंटकीतल्या किशोरांच्या 'व्हॅम्पायर' टोळीचा म्होरक्या. त्याने १९९८ मध्ये गुन्हा कबूल केला, त्याला मृत्युदंड झाला आणि २००० मध्ये तो जन्मठेपेत बदलला. त्यानंतर वर्षानुवर्षं सुळे घालणारा प्रत्येक जण संशयित ठरला. मात्र त्या खुनाचं हत्यार लोखंडी पहार होतं. सुळ्यांचा किंवा रक्त पिण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि प्रौढांच्या संघटित गटांशी या मुलांचं काही नातंही नव्हतं. टोळी लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये पकडली गेली, आणि तीही प्रयोगशाळेतल्या पुराव्यामुळे नाही. त्यांच्यातल्या एका मुलीने आईला फोन केला होता.